पाठ झालेले शब्द, हरवलेले अर्थ : इंग्रजी शब्दयाद्यांविरुद्ध

१/ #धागा
‘रोज दहा शब्द, वर्षाला साडेतीन हजार!’ हे गणित आज अनेक अभ्यासिकांच्या भिंतींवर आणि आपणा सर्वांच्या मोबाइलवर झळकत असते. एक अवघड इंग्रजी शब्द, खाली एका ओळीची व्याख्या, तिच्याखाली एक नमुना वाक्य. ‘प्रगत शब्दसंपदा’ कमावण्याच्या या पद्धतीविरुद्ध आज लिहायचे आहे, आणि इतिहासाचा विद्यार्थी म्हणूनच लिहायचे आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ प्रथम एक गैरसमज दूर करतो. हे लेखन इंग्रजीविरुद्ध नाही. सुरतेच्या वखारीचा पत्रव्यवहार, महसुली अहवाल, जनगणनेचे खंड, १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेले औरंगाबाद जिल्ह्याचे गॅझेटियर, ही सारी साधने इंग्रजीत आहेत. मी कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीचा. माझ्याच परिसराचे एकोणिसाव्या शतकातील वर्णन वाचायचे तर इंग्रजीवाचून गत्यंतर नाही. सावित्रीबाई फुले यांनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह कवितेतून धरला, त्याला दीड शतकाहून अधिक काळ लोटला. तो आग्रह आजही तितकाच खरा आहे.

३/ माझा आक्षेप असा : शब्दयादी इंग्रजी शिकवत नाही, इंग्रजी आल्याचा भास निर्माण करते. ती प्रत्येक शब्दाचा अर्थ असा मांडते, की जणू तो कायमचा ठरून गेला आहे आणि तो कोणीच ठरवलेला नाही. वस्तुतः अर्थ कोणीतरी, केव्हातरी, कोणत्यातरी हेतूने ठरवलेला असतो. हे न उमजता शब्द पाठ करणाऱ्याला जुने साधन वाचता येत नाही आणि स्वतःची बाजूही मांडता येत नाही. हे दोन्ही पुराव्यानिशी दाखवतो.

४/ पहिला पुरावा महसुलाच्या दप्तरातला. ‘एलिअनेट’ हा याद्यांचा लाडका शब्द. व्याख्या : दुरावणे, परके करणे. नमुना वाक्य : उद्धट वागण्याने त्याचे मित्र दुरावले. आता मुंबई इलाख्याचा एखादा महसुली अहवाल उघडा. तेथे ‘एलिअनेटेड’ जमीन भेटते. पाठांतरावर विसंबलेला विद्यार्थी तर्क करतो : सावकाराने बळकावलेली, कुळाला परकी झालेली जमीन. प्रत्यक्षात ही ती जमीन, जिच्या महसुलावरील हक्क राज्यसत्तेने दुसऱ्या कोणाला देऊन टाकलेला आहे. म्हणजे मुख्यतः आपली इनाम जमीन! गरीब कुळाची म्हणून ज्याची कणव आली, तो निघाला इनामदार.

५/ पुढचा शब्द ‘रिझ्यूम’. यादीतला अर्थ : पुन्हा सुरू करणे. पण १८५२ च्या कायद्याने नेमलेल्या इनाम कमिशनच्या संदर्भात त्याचा अर्थ इनाम खालसा करणे, दिलेला हक्क सरकारने परत घेणे. तिसरा ‘सेटलमेंट’. यादीत वसाहत किंवा तडजोड. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जे केले तीही ‘सेटलमेंट’च. पण ती होती जमिनीची पाहणी करून ठरवलेली शेतसाऱ्याची आकारणी.

६/ आता हे तीन शब्द एका वाक्यात आणा. आकारणीच्या वेळी काही इनामे खालसा झाली, एवढेच सांगायचे आहे. पाठांतरवाला वाचतो : तडजोडीनंतर दुरावलेल्या जमिनी पुन्हा सुरू झाल्या. तिन्ही शब्द त्याला ‘येतात’. परीक्षेत तिन्हींचे गुण मिळतील. पण ज्या निर्णयाने इनामदारांची घराणी हादरली, तो निर्णय त्याच्या डोळ्यांसमोरून निसटून गेला आणि निसटल्याचे त्याला कळलेही नाही. अज्ञानापेक्षा हे वाईट. न येणारा शब्द निदान कोश उघडायला लावतो. पाठ झालेला शब्द तेवढेही करू देत नाही.

७/ कोणी म्हणेल, ही दप्तराची परिभाषा. सामान्य शब्दांचे तसे नसते. मग एक ‘सामान्य’ शब्द घेऊ : ‘पारिया’. व्याख्या : समाजाने बहिष्कृत केलेली व्यक्ती. नमुना वाक्य बहुधा घोटाळ्यात सापडलेल्या एखाद्या पुढाऱ्याचे किंवा उद्योजकाचे. शब्द वजनदार, निबंधात शोभून दिसतो. पण हे एका जिवंत समाजाचे नाव आहे. तमिळ प्रदेशातील परैयर समाज. नावाचा संबंध ‘परै’ या चर्मवाद्याशी जोडला जातो. युरोपीयांनी ते नाव उचलले आणि पुढे इंग्रजीत ते कोणत्याही तिरस्कृत माणसासाठी रूढ झाले. जातिव्यवस्थेचा अन्याय सामान्यनाम होऊन कोशात स्थिरावला.

८/ त्याच समाजातील रेट्टमलै श्रीनिवासन यांनी १८९३ मध्ये तमिळ नियतकालिक सुरू केले आणि त्याचे नाव ठेवले ‘परैयन’. ज्या नावाची इंग्रजी भाषेने शिवी केली, तेच नाव त्यांनी ताठ मानेने मुखपृष्ठावर छापले. आपली यादी यातले काय सांगते? ‘बहिष्कृत व्यक्ती’, बस्स. इंग्रजी व्याख्या तोंडपाठ करणारा मराठी विद्यार्थी एका दलित समाजाच्या नावाचा अपशब्द म्हणून सराव करतो आणि त्याला शब्दसंपदा म्हणतो. यात त्याचा दोष नाही. त्याला कोणी सांगितलेच नाही, हा दोष आहे.

९/ हेच श्रीनिवासन पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत गोलमेज परिषदेत बसले. १९३१ मध्ये दोघांनी सादर केलेल्या पुरवणी निवेदनात एक मागणी नावाविषयी होती. ‘डिप्रेस्ड क्लासेस’ ही संज्ञा त्यांना मान्य नव्हती. तिच्या जागी त्यांनी ‘नॉन-कास्ट हिंदू’, ‘प्रोटेस्टंट हिंदू’, ‘नॉन-कन्फर्मिस्ट हिंदू’ असे पर्याय सुचवले. राजकीय हक्कांच्या वाटाघाटी चालू असताना हा नावाचा आग्रह कशासाठी? कारण आपली व्याख्या दुसऱ्याने केली की आपली जागाही दुसराच ठरवतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

१०/ त्या पर्यायांकडे नीट पाहा. ‘प्रोटेस्टंट’ आणि ‘नॉन-कन्फर्मिस्ट’ हे शब्द इंग्लंडच्या धर्मेतिहासातले. प्रस्थापित चर्चशी मतभेद असणे म्हणजे हीन असणे नव्हे, हे ब्रिटिश श्रोत्यांना त्यांच्याच इतिहासातून ठाऊक होते. म्हणून हे शब्द त्यांच्यापुढे ठेवले गेले. ‘न जुळवून घेणारा’ एवढी व्याख्या पाठ करून ही खेळी साधत नाही. त्यासाठी शब्दामागचे शतक ठाऊक असावे लागते. प्रगत शब्दसंपदा म्हणतात ती ही.

११/ मराठ्यांच्या इतिहासलेखनातही असेच घडले. ग्रँट डफच्या १८२६ च्या ग्रंथाने मराठी सत्तेच्या उदयाला सह्याद्रीत पेटलेल्या वणव्याची उपमा दिली. वणवा आपोआप पेटतो. त्यामागे विचार नसतो, संघटन नसते. १८६० च्या दशकात तरुण नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी डफच्या ग्रंथावर मराठीत टीका लिहिली. १९०० मध्ये न्या. रानडे यांनी ‘राइझ ऑफ द मराठा पॉवर’ या इंग्रजी ग्रंथात त्या उपमेलाच उत्तर दिले. या मंडळींना वणव्याचा इंग्रजी प्रतिशब्द येत होता म्हणून हे झाले काय? नाही. तो शब्द तेथे काय काम करतो आहे, हे त्यांनी ओळखले म्हणून झाले.

१२/ मग व्याख्या आणि उदाहरण-वाक्य ही पद्धतच टाकाऊ का? मुळीच नाही. तिचा स्वतःचा इतिहास मानाचा आहे. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात सुमारे ४२ हजार शब्द आणि लाखाहून अधिक अवतरणे होती. ही वाक्ये त्याने घरी बसून रचली नव्हती. लेखकांच्या ग्रंथांतून वेचली होती. शब्दाचा अर्थ मी सांगतो म्हणून मानू नका, अमक्याने तो असा वापरला आहे, ही त्याची भूमिका. इतिहासाच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक अर्थाला अस्सल साधनाचा आधार होता.

१३/ दुसरा टप्पा तर आपल्या उपखंडातलाच. मायकेल वेस्ट हा शिक्षणाधिकारी बंगालमध्ये, ढाक्यात काम करीत होता. परभाषक मुलांना इंग्रजी कोश का कळत नाही? कारण अवघड शब्दाचा अर्थ त्याहून अवघड शब्दांत दिलेला असतो. १९३५ च्या ‘न्यू मेथड’ कोशात त्याने आणि एंडिकॉट यांनी सुमारे २४ हजार शब्द-प्रयोगांचे अर्थ केवळ १४९० सोप्या शब्दांत समजावले. पुढे १९४२ मध्ये टोकियोत हॉर्नबी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या कोशाने शब्द वाक्यात कसा बसतो हे दाखवले. १९८७ च्या ‘कोबिल्ड’ने तर उदाहरणे प्रत्यक्ष वापरातील मजकुरातूनच घेण्याचा दंडक घातला.

१४/ या परंपरेतून आपल्या याद्यांनी काय उचलले? केवळ सांगाडा. जॉन्सनचे अस्सल वाक्य गेले. त्याजागी कोणीही, कधीही, कोणालाही न म्हटलेले वाक्य आले. वेस्टची सोपी व्याख्या गेली. एका अवघड शब्दाखाली दुसरा अवघड शब्द ‘समानार्थी’ म्हणून बसला. हॉर्नबीची वाक्यरचना गेली. मग शब्द पाठ असूनही तो कोणत्या क्रियापदासोबत, कोणत्या शब्दयोगी अव्ययासोबत येतो ते कळेना. जे उरले ते विकायला सोपे होते. म्हणून ते खपते.

१५/ आपल्याकडचा कोश पाहा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची सुधारित आवृत्ती १८५७ ची. हेतू राज्यकर्त्यांच्या सोयीचा होता, हे उघड आहे. आधी मराठी-इंग्रजी कोश आला आणि इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये कँडीने पूर्ण केला, या क्रमातच कोण कोणाची भाषा शिकू पाहत होता ते दिसते. तरीही या कोशात शब्द संस्कृत, फारसी, अरबी की हिंदुस्थानी, याची खूण आहे. म्हणी आहेत, वाक्प्रचार आहेत, बोलीतले शब्द आहेत. मराठी शिकू पाहणाऱ्या साहेबाला एवढे मिळत होते. आज इंग्रजी शिकू पाहणाऱ्या मराठी मुलाला एक ओळ मिळते.

१६/ केवळ यादीने भाषा घडत नाही, याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच इतिहासात आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. फारसी-अरबी शब्दांना सुमारे चौदाशे संस्कृत प्रतिशब्द. यांपैकी जे शब्द पदांना, कामाला, शिक्क्यांना जोडले गेले ते टिकले : अमात्य, सचिव, सेनापती. पण किल्ला, फौज, जमीन, दफ्तर हे शब्द मराठीने सोडले नाहीत. पुढे शिक्क्यावर ‘मुख्य प्रधान’ असले तरी लोकांच्या तोंडी ‘पेशवे’च राहिले. राजाज्ञेच्या कोशालाही वापरापुढे नमावे लागले. मग भिंतीवरच्या दहा शब्दांची काय कथा?

१७/ आम्हा मराठवाड्यातल्यांना तर हे अधिकच कळायला हवे. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा आधी फारसी, मग १८८० च्या दशकापासून उर्दू. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून स्थापन झाले. त्याआधी १९१७ मध्ये भाषांतर विभाग उभा राहिला आणि आधुनिक शास्त्रांची परिभाषा उर्दूत घडू लागली. सप्टेंबर १९४८ नंतर सत्ता पालटली, विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी झाले. एका पिढीने कष्टाने कमावलेल्या परिभाषेचे बाजारमूल्य पाहता पाहता उतरले. ‘प्रतिष्ठित’ भाषा कोणती, हे व्याकरण ठरवत नाही, सत्ता ठरवते. तीन पिढ्यांत हे आपण अनुभवले आहे.

१८/ आणि तरीही त्या काळातले काही शब्द आपल्या शेतकऱ्यांना आजही नीट येतात. ‘खासरा’ म्हणजे काय, हे मराठवाड्यातील जुन्या शेतकऱ्याला विचारा. इनाम जमिनीचा वाद असेल तर ‘मुंतखब’ कशाला म्हणतात तेही तो सांगेल. हे शब्द त्याने कोणत्या यादीतून पाठ केले? त्याच्या जमिनीचा हक्क त्या कागदावर अवलंबून होता. तलाठ्याकडे, तहसिलीत, वकिलापुढे तो शब्द त्याने ऐकला, उच्चारला, प्रसंगी त्यावर भांडला. ज्या शब्दावर आपले काही अवलंबून असते तो शब्द विसरला जात नाही.

१९/ आता पहिला प्रतिवाद : ‘स्पर्धा परीक्षेत समानार्थी शब्द विचारतात, आम्ही काय करावे?’ परीक्षेपुरते जरूर पाठ करा. परीक्षा हाही व्यवहार आहे. पण परीक्षेच्या युक्तीला ज्ञानाचे नाव देऊ नका. आणि युक्ती म्हणूनही ती दुबळी आहे. १९४९ चे नॉर्मन लुईसचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ आपल्याकडे घरोघरी असते. ते पुस्तकसुद्धा वर्णानुक्रमाची यादी देत नाही. ते शब्दांची मुळे देऊन कुटुंबे जुळवते. आपण मात्र त्याच पुस्तकातून शब्द खुडून त्यांची यादी करतो!

२०/ दुसरा प्रतिवाद अधिक गंभीर आहे : ‘घरात इंग्रजी असणाऱ्यांनी हे उपदेश करावेत. आमच्यासारख्या पहिल्या पिढीला यादी हीच शिडी आहे.’ मीही त्याच बाकावरचा आहे, म्हणून सांगतो. घरात इंग्रजी असणारा मुलगा यादीतून शिकत नाही. तो गोष्टी ऐकतो, पुस्तके वाचतो, वाद घालतो. अस्सल वाक्ये त्याला आयती मिळतात. उरलेल्यांना यादी मिळते. मग मुलाखतीत आपण एक भारदस्त शब्द चुकीच्या जागी टाकतो आणि समोरचा गालातल्या गालात हसतो. ही शिडी नव्हे. शिडीचे चित्र आहे. खरी शिडी मागा.

२१/ ती शिडी कशी असावी? एक वही घ्या. दिवसाला दहा नव्हे, दोन शब्द. शब्द यादीतून नव्हे, तुम्ही वाचत असलेल्या मजकुरातून घ्या : गॅझेटियर, संविधान सभेतील चर्चा, आंबेडकरांचे किंवा रानड्यांचे इंग्रजी लेखन. प्रत्येक शब्दाखाली पाच नोंदी करा : हे वाक्य कोणाचे, कोणत्या सालचे, कोणाला उद्देशून; शब्द कोठून आला; लेखकाने हाच शब्द का निवडला; ज्याच्याविषयी तो वापरला त्याला तो मान्य असता का; आणि मराठीत हे मी कोणत्या शब्दाने सांगेन. पाचवी नोंद टाळू नका. मराठीत सांगता आले नाही तर इंग्रजीतही कळलेले नाही.

२२/ नमुना म्हणून माझ्या गावाच्या नावातलाच शब्द घ्या : रंगारी. इंग्रजीत काय म्हणाल? आज भिंत रंगवणाऱ्यालाही रंगारी म्हणतात, म्हणून ‘पेंटर’ हा शब्द चटकन तोंडी येतो. पण जुन्या कागदात रंगारी म्हणजे कापड रंगवणारा कारागीर. त्याला इंग्रजीत ‘डायर’. ‘कापड रंगवणारा’ एवढ्या व्याख्येतही त्याची जात येत नाही, पिढीजात कसब येत नाही, कुंडातला रंग येत नाही, विणकर आणि व्यापारी यांच्याशी असलेला व्यवहार येत नाही. एका साध्या शब्दाची ही कथा. तर ‘रिव्होल्ट’, ‘म्युटिनी’, ‘रायट’, ‘रिफॉर्म’ यांची काय असेल? १८५७ ला यांपैकी कोणता शब्द लावायचा, यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. यादी एका ओळीत निकाल देऊन मोकळी होते.

२३/ इतिहासाचा पहिला धडा आपण सारे जाणतो : साधन समोर आले की विचारावे, हे कोणी लिहिले, कधी, कशासाठी. बखरीला आपण हे विचारतो, फर्मानाला विचारतो, शिलालेखाला विचारतो. इंग्रजी शब्दाची व्याख्या समोर आली की मात्र हात जोडतो. का? व्याख्या हेही साधनच आहे. तिलाही कर्ता आहे, काळ आहे, हेतू आहे.

२४/ म्हणून मित्रांनो, इंग्रजी शिका, कसून शिका. पण मालकाच्या घरची भांडी मोजून ठेवणाऱ्या नोकरासारखे शब्द मोजत बसू नका. आंबेडकर आणि श्रीनिवासन यांनी इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला नाही. तो अर्थ नाकारून दुसरा शब्द टेबलावर ठेवला. रानड्यांनी उपमा पाठ केली नाही; ती खोडून काढली. ‘किती शब्द येतात?’ हा प्रश्न शिकवणीच्या जाहिरातीला शोभतो. आपला प्रश्न वेगळा असावा : ‘कोणता शब्द मी नाकारू शकतो, आणि त्याच्या जागी कोणता देऊ शकतो?’

(धागा समाप्त. तुमच्या वाचनात आलेला, यादीतला अर्थ आणि साधनातला अर्थ वेगळा निघालेला एखादा शब्द प्रतिसादात जरूर लिहा. वाक्य, लेखक आणि साल यांच्यासह.)